पूर्ण वाक्यात पळणं

पहिल्या दिवशी मी पळालो तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतली चार माणसं माझ्याबरोबर पळाली. सोबत म्हणून नव्हे. पन्नाशीला टेकलेला, सरकारी कचेरीत खुर्चीला चिकटून ढेरी वाढवलेला माणूस सकाळी सकाळी धावत सुटलाय म्हटल्यावर काहीतरी भलतंच घडलंय, अशी त्यांची खात्रीच झाली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाईनं हातातला चहा तसाच टाकला आणि मला मागं टाकून ओरडला, "किधर कू गया? चोर किधर कू गया?" मला सांगायचं होतं की बाबा, चोर-बीर काही नाही, मी वजन उतरवतोय. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मी नुसता हात हलवला. हात जिकडं हलला तिकडं सगळी पळाली आणि पुढच्या वळणावर एका बिचाऱ्या दूधवाल्याला सायकलवरून खाली उतरवलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसून हसून बेजार.

"सापडला का मग चोर?"

"दूधवाला सापडला."

लई दिवसांनी तिला असं हसताना बघत होतो. म्हणून मी तो किस्सा त्या दिवशी आणखी दोनदा सांगितला, दर वेळी पळणारा एक माणूस वाढवून.

दिवस काही हसण्यासारखे नव्हते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस. डाव्या हाताची शीर फुगून दोरखंडासारखी झालेली, त्यावर ती कायम शाल पांघरून बसायची. किडनी मिळाली तर बरं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमचा पोरगा पुण्यात शिकत होता, तो पहिल्याच गाडीनं आला आणि म्हणाला, माझी घ्या. ती त्याच्यावर अशी खवळली की डायलिसिसच्या खोलीतल्या नर्सबाई धावत आल्या. "मरेन, पण पोराची घेणार नाही," म्हणाली. "त्याचं अजून सगळं व्हायचंय." पोरगा रडत परत गेला.

मग राहिलो मी. माझ्या तपासण्या झाल्या. लग्नाच्या वेळी आमची पत्रिका जेमतेम जुळली होती, भटजींनी नाक मुरडत होकार दिला होता. रक्तगट मात्र झकास जुळला. बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत एक तरी गोष्ट जुळली बाई!"

आडवं आलं ते वजन. नव्वदीच्या पुढचा ऐवज होता माझा. डॉक्टरांनी समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "ह्या वजनात आम्ही तुमची किडनी काढणार नाही. ऑपरेशनला धोका, आणि पुढं एकाच किडनीवर एवढा भार. आधी चाला, मग पळा, खाणं आवरा. वजन उतरलं की या. आणि फार वेळ लावू नका, ह्यांना तो परवडणार नाही."

त्या दिवशी माझी मायही बरोबर होती. सून आजारी पडली तशी ती गावाहून, पिशोरहून, घर-शेत माझ्या धाकट्या भावावर टाकून आमच्याकडं राहायला आली होती. तिनं पदर सावरला आणि डॉक्टरांना विचारलं, "आन् वजन नाय उतरलं तर?"

"तर नाही घेता येणार, आजी."

"म्हंजी ह्याची नाय घेणार?"

"नाही."

"बरं," म्हणाली माय. मला वाटलं, म्हातारीला अर्धं कळलं, अर्धं नाही.

तर असं ते पळणं सुरू झालं. दूधवाल्याच्या भानगडीनंतर बायकोनं फर्मान काढलं, की गल्लीत पळायचं नाही, नाहीतर एक दिवस कुणीतरी फुकट मार खाईल. मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडं एक मोकळं मैदान होतं, तिथं जायचं ठरलं. डायलिसिस नसेल त्या सकाळी तीही स्कूटरवर मागं बसून यायची आणि कडेच्या सिमेंटच्या बाकड्यावर बसायची.

मी पहिल्याच सकाळी शर्यतीत सोडल्यासारखा सुटलो. अर्धी फेरीसुद्धा झाली नाही. कमरेवर हात ठेवून मी बाभळीला टेकलो, छातीचा भाता वरखाली होत होता, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कसाबसा चालत बाकड्यापाशी आलो.

"लहानपणी रानात बैलामागं पळायचो मी," मी म्हणालो, "दिवसभर दमायचो नाही."

"तेव्हा बैल कोणता आणि तुम्ही कोण, हे ओळखू येत होतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरलो होतो. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असं समजा. बायको वीस-बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं ती गोष्ट बरोबर पकडली आणि आपल्या पद्धतीनं राबवली. मी फेरी मारून बाकड्यासमोरून जायला लागलो की ती प्रश्न टाकायची. उत्तर न थांबता द्यायचं, आणि पूर्ण वाक्यात.

"आज भाजी कोणती आणायची?"

"मेथी."

"मेथी काय? पूर्ण वाक्यात सांगा."

"आज... मेथी... आ... णू."

"नापास. वेग कमी करा."

मी कमी केला. आणखी कमी केला. शेवटी इतका कमी केला की शेजारून चालणाऱ्या एक आजीबाई मला मागं टाकून गेल्या, वर "चालू द्या, चालू द्या" असा आशीर्वादही देऊन गेल्या. लाज वाटली. रागही आला. पण त्या कासवाच्या चालीनं मी पहिल्यांदा एक अख्खी फेरी न थांबता मारली आणि मेथीचं वाक्य क्रियापदासकट पूर्ण केलं. दम वाढवायचा तर आधी घमेंड उतरवावी लागते, हे मला तिथं कळलं. पळायचं, धाप लागली की चालायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा पळायचं. पळण्याचा तुकडा रोज जरासा लांबवायचा, चालण्याचा जरासा तोडायचा. बस, एवढंच. पण एवढं करताना नाकी नऊ आले.

हळूहळू बायकोचे प्रश्न अवघड व्हायला लागले. भाजीवरून ती तिच्या भावाच्या लग्नावर आली. त्या लग्नात मी मांडवात झोपलो होतो आणि घोरलो होतो, हा तिचा जुना दावा.

"झोपला होतात का नाही?"

"मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून मंगलाष्टकं ऐकत होतो."

"मग घोरत कोण होतं?"

ह्याचं उत्तर द्यायला मला पुढची फेरी मारून यावं लागायचं. तोवर मी विचार करायचो आणि पळतोय हे विसरून जायचो. एका फेरीला माझा मुद्दा, पुढच्या फेरीला तिचा. सकाळी फिरायला येणारी माणसं बाकड्याच्या आसपास रेंगाळायला लागली. एक रिटायर झालेले गृहस्थ तर उघड उघड तिच्या बाजूचे झाले. मी जवळ आलो की तेच म्हणायचे, "अहो, घोरत होता हे कबूल करून टाका की."

एक गोष्ट मात्र मला छळायची. पळून आलो की मी बाटली तोंडाला लावायचो. किडन्या गेल्यामुळं तिला दिवसभरात मोजकं पाणी, घोट घोट करून पुरवायचं. पहिल्यांदा मी तिच्यासमोर घटाघटा प्यायलो तेव्हा ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. मग हसून म्हणाली, "तिकडं तोंड करून प्या हो, आवाज येतो." मी तिकडं तोंड केलं. त्यानंतर मी बाटली स्कूटरपाशीच ठेवायला लागलो.

इकडं घरी वेगळाच तमाशा. मी किडनी देणार ही बातमी पिशोरला पोचली आणि भावकीनं माझं बाळंतपण सुरू केलं. जो येईल तो डबा घेऊन. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, गावरान तुपाची बरणी. आजारी माणूस भिंतीला टेकून बसलेला, आणि सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवतायत. "खा बाबा, एवढा ऐवज अंगातून काढायचाय, ताकद नको व्हय?" त्यांना सांगून दमलो की मला हलकं व्हायचंय, जड नाही. एक चुलते म्हणाले, "हलकं हुनार हायसच की, एक किडनी गेल्यावर." बायको कोपऱ्यातून म्हणायची, "खा हो, एक लाडू खा, बाळंतिणीनं नाही म्हणू नये." लाडू मी शेजारीपाजारी वाटून टाकायचो. बहुतेक.

सुरुवातीला वजन उतरलं. विजार ढिली झाली, तिला नाडी ओवावी लागली. मग काटा अडकला तो अडकलाच. मी मैदानाला आधी मारत होतो त्याच्या दुप्पट फेऱ्या मारत होतो, भात बंद, साखर बंद, कचेरीतला चहा बंद. आणि काटा ढिम्म हलेना. दर खेपेला डॉक्टर मान हलवायचे. "अजून नाही."

तिकडं तिचं खालावत चाललं होतं. एका सकाळी डायलिसिसहून आणली तेव्हा दारातच तिला घेरी आली. मी तिला उचललं. केवढी हलकी झाली होती! मी एवढा जड आणि ती एवढी हलकी. मला त्या काट्याचा असा संताप आला की दुसऱ्या दिवशी मी हट्टानं जोरात पळालो आणि गुडघा धरून बसलो. ती म्हणाली, "एक अवयव मागितला तर दुसराच मोडून आणला."

गुडघ्यामुळं पळणं आठवडाभर बंद. घरात बसून राहिलो म्हणून दिसलं. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर माय चुलीपाशी, म्हणजे आमच्या गॅसपाशी, पाठमोरी उभी. तव्यावरून भाकरी टम्म फुगून उतरली होती. मायनं तिचा पापुद्रा अलगद उचलला, आत तुपाचा मोठा चमचा सोडला, आणखी एक सोडला, आणि पापुद्रा परत दाबून बसवला. ती भाकरी माझ्या ताटात गेली. शेजारी ताक. त्यात बोट घालून बघितलं तर निम्मी साय. आणि मी गाढव इतके दिवस म्हणत होतो, मायच्या हाताला काय चव हाय!

मी तसाच बायकोकडं गेलो. "बघितलंस? तिकडं मी ऊर फुटेस्तोवर पळतोय आणि इकडं म्हातारी भाकरीत तूप भरतेय. तिलाही त्या लाडवाच्या मंडळींसारखंच वाटतंय, ताकद पाहिजे म्हणून. किती वेळा सांगायचं ह्या माणसांना!"

"हळू बोला," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून माहीत आहे."

"माहीत आहे? आणि गप्प बसलीस?"

"आत्याबाईंना ताकदीचं काही पडलेलं नाही. डॉक्टर बोलले ते त्यांना सगळं कळलं होतं. त्यांना काय कळलं, ते तुम्हाला कळलं नाही."

मग एकदम लक्षात आलं. वजन उतरलं नाही तर माझी किडनी घेणार नाहीत, एवढंच मायनं त्या दिवशी पक्कं धरलं होतं.

"पोरगा द्यायला आला तेव्हा मी काय म्हणाले होते?" तिनं विचारलं.

"मरेन पण घेणार नाही म्हणालीस."

"मग आत्याबाईंनी काय वेगळं केलं? मी माझ्या पोराला वाचवलं, त्या त्यांच्या पोराला वाचवतायत. मला तोंडानं बोलता आलं. त्यांना कुठल्या तोंडानं बोलता येणार होतं? म्हणून तूप." मग ती जराशी हसली. "त्यांच्या जागी मी असते ना, तर लोणीसुद्धा घातलं असतं."

"अगं, पण तुझा जीव..."

"माझ्या जिवाचं तुम्ही बघा. त्यांना ओरडू नका."

ओरडलो नाही. पण राग होताच, तो घेऊन गेलो. माय भांडी विसळत होती. मी म्हणालो, "माय, भाकरीत तूप कशाला घालते?" तिनं मागं वळून बघितलं आणि एका नजरेत ओळखलं की मला कळलंय. खोटं नाही बोलली. ओल्या हातांनीच खाली बसली.

"व्हय, घातलं," म्हणाली. "मी तिचं वाईट नाय रं चिंतत. माझ्या लेकीपरीस लाडकी हाय ती. सकाळ-संध्याकाळ देवापुढं तिच्यासाठीच हात जोडते. पर देवानं तुझ्याच अंगाला का हात घालावा? तिच्याकडं बघितलं की वाटतं, दे रं बाबा, देऊन टाक. तुझ्याकडं बघितलं की वाटतं, नको. तूच सांग, मी कुणाकडं बघू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिच्या शेजारी बसलो, भांडी तशीच राहिली. शेवटी एवढंच सुचलं, "गुडघा बरा झाला की तू पण मैदानावर चल."

ती आली. बाकड्यावर सासू-सून शेजारी शेजारी बसल्या. मी पळायला लागलो. मायनं मला मोठेपणी कधी पळताना बघितलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं मी म्हणजे चिरफाड व्हायला निघालेलं लेकरू. पहिल्या फेरीला बायकोनं घोरण्याचा विषय काढला. मी ऐसपैस उत्तर दिलं, न थांबता, वर तिच्या भावाच्या वरातीतल्या नाचाचा उद्धार केला. मागून मायचा आवाज आला, "ह्याला दम नाय लागत व्हय?" बायको म्हणाली, "लागायचा. आता नाही लागत."

दुसऱ्या फेरीला बायको काही विचारणार, तेवढ्यात मायच उठून उभी राहिली.

"का रं, एक काढल्यावर असाच पळशील?"

"पळेन, माय. एका किडनीवर माणूस नीट जगतो, काम करतो, पळतोसुद्धा, असं डॉक्टर म्हणालेत."

तिसऱ्या फेरीला पुन्हा तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं. चौथ्या फेरीलाही तोच. मला वाटलं तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून मोठ्यानं सांगितलं. पण तसं नव्हतं. तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. मग मी थांबायचं सोडूनच दिलं. ती विचारायची, मी सांगायचो, आणि पुढं निघायचो. त्या सकाळी मी जेवढा पळालो तेवढा ना त्याआधी कधी पळालो होतो, ना पुढं कधी. थांबलो तो तिनं विचारायचं थांबवल्यावर. ती खाली बसली, डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "चल, घरी चल, ऊन लागंल तुला."

काटा हलला. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी पहिल्यांदा मान उभी हलवली.

आता त्याला बरीच वर्षं झाली. घरात सासू-सुनेचं वाजलं की माय ठणकावते, "माझंच घेऊन माझ्याशीच भांडती!" आणि बायको म्हणते, "तुमचंच हाय म्हणून तर भांडतंय, आत्याबाई, माझं असतं तर गप्प बसलं असतं." मी दोघींच्या मधून उठून मैदानावर निघून जातो.

पण ऑपरेशनच्या सकाळी असं कुणी बोलत नव्हतं. हिरवे कपडे घालून आम्हा दोघांना दोन स्ट्रेचरवर एकाच लांबट बोळात आणलं होतं. मला आधी आत न्यायचं होतं. पोरगा माझ्या पायापाशी उभा होता. माय लांबून येताना दिसली. मला वाटलं, माझ्याकडं येतेय, मी चादरीतून हात बाहेर काढला. ती माझ्या पुढून गेली आणि बायकोपाशी थांबली.

"कुठं बसवनार?" तिनं विचारलं.

बायकोनं पोटाच्या उजव्या अंगाला, खाली, बोट दाखवलं. मायनं चादरीवरून तिथं आपला तळवा ठेवला. मी आयुष्यभर तिचा तो हात भाकरी थापताना बघितला होता, असा हळू पडताना कधी नाही.

"जप बरं का," म्हणाली. "माझं हाय ते."

बायकोनं मायचा हात दोन्ही हातांनी तिथंच दाबून धरला आणि हुंदके देऊन रडायला लागली. माझं स्ट्रेचर हललं. दारातून आत जाताना मी मान वळवून बघितलं, तर माय माझ्याकडं पाठ करून अजून तिच्यापाशीच उभी होती.